सर्वानुमते नामंजूर

मसुदे हे त्यांचं आडनाव नव्हे. पण नांदगाव पेठेत आलेला नवा कुरिअरवाला ‘मसुदेभाऊचं घर कोनतं?’ असं विचारतो आणि रस्त्यावरचं कुठलंही पोट्टं त्याला बरोबर दारात नेऊन उभं करतं, इतकं ते नाव आता मुरलं आहे. काखेत दोनशे पानी वही. वहीवर ठळक अक्षरात ‘भारताची नवी राज्यघटना’ आणि खाली कंसात ‘मसुदा’. कंस कशाला, असं कुणी विचारलं की भाऊ म्हणतात, “मंजूर झाली का काढून टाकाचा.”

ही वही घेऊन भाऊ सकाळी नागपूर रस्त्यावरच्या चहाच्या ठेल्यावर येतात. समोरून एमआयडीसीत कामगार नेणाऱ्या बसा जात असतात, टोलनाक्याकडे ट्रक सरकत असतात, लांब वीज केंद्राची धुराडी दिसतात. भाऊ पहिला घोट घेतात, मिशी पुसतात आणि बाकड्याला उद्देशून विचारतात, “तं मंग, घटना ठेवाची का बदलाची?” आलूबोंडा खात असलेला माणूस एकदम जबाबदार नागरिक होतो.

भाऊंची स्वतःची बाजू कोणती, हे मात्र आजवर कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. समोरचा ‘बदला’ म्हणाला की भाऊ ‘ठेवा’ म्हणतात. समोरचा ‘ठेवा’ म्हणाला की भाऊंना घटनेत एकशे सहा दुरुस्त्या दिसू लागतात. बाकड्यावरची चार माणसं एका मताची झाली की भाऊ कासावीस होतात. पाचवा माणूस यायची वाट न पाहता ते स्वतःच पाचवे होतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे, असं माझं मत. भाऊ आयुष्यभर ग्रामसेवक होते. अमरावती, भातकुली, चांदूरबाजार अशा तालुक्यांतल्या किती गावांचं पाणी ते प्यायले, त्यांनाच ठाऊक. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला थेट घटनेत जागा मिळाली. कलम २४३-अ. कागदावर ग्रामसभा म्हणजे गावाची संसद. प्रत्यक्षात गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांतले जे कमी असतील ते लागतात आणि येतात अकरा. त्यांतले चार घरकुलाची चौकशी करायला आलेले, एक चुकून आलेला. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे तीच अकरा माणसं पुन्हा बसतात आणि भाऊ इतिवृत्तात लिहितात : सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. अख्ख्या नोकरीत भाऊंनी ‘सर्वानुमते मंजूर’ याखेरीज दुसरा निकाल लिहिला नाही. नळयोजना सर्वानुमते, हागणदारीमुक्ती सर्वानुमते, ज्या रस्त्यावरून दोन भावक्यांची डोकी फुटली तो रस्ताही सर्वानुमते. ज्या माणसाने हजारो ठरावांत एकही विरोधी मत नोंदवलं नाही, त्याला निवृत्तीनंतर विरोधी मताची भूक लागली तर नवल नाही. आणि भूकच भागवायची तर लहानसहान विषयावर कशाला? भाऊंनी थेट देशाची घटना घेतली.

भाऊंचे प्रतिपक्ष म्हणजे गुरुजी. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त, पांढरा सदरा, बुद्धविहारातल्या वाचनालयाची किल्ली खिशात, आणि पिशवीत संविधानाची मराठी प्रत, तिच्या कडा खुणेच्या चिठ्ठ्यांनी फुललेल्या. भाऊ बोलतात आकड्यांत, गुरुजी बोलतात पानांत. भाऊ म्हणाले ‘कलम तीनशे अडुसष्ट’ की गुरुजी पान उघडून वाचतात आणि भाऊंचं अर्धं वाक्य हवेत राहतं.

एकदा भाऊ फॉर्मात होते. “गुरुजी, तुमच्या बाबासायेबानंच १९५३ मदी राज्यसभेत सांगतलं नं, का ही घटना जाळाले मी पयला येईन म्हनून?”

गुरुजींनी बोंड्याचा तुकडा शांतपणे संपवला. “सांगतलं. अन् १९५५ मदी त्याच राज्यसभेत काऊन सांगतलं थे बी सांगतलं. देवासाठी देऊळ बांधलं अन् देव याच्या आदी राक्षस घुसले, तं काय कराचं, असं म्हनले थे. तुमी १९५३ वर येऊन थांबता भाऊ. दोन वर्सं पुढं याले पेट्रोल लागते काय?”

बाकडं हसलं. भाऊही हसले, हरल्यावर भाऊंना जास्त आनंद होतो, कारण मग दुसऱ्या दिवशीचा विषय तयार असतो. दुसऱ्या दिवशी ते जेफरसन घेऊन आले. अमेरिकेच्या या जेफरसनने १७८९ मध्ये मॅडिसनला पत्र लिहून हिशेब मांडला होता की कोणतीही घटना १९ वर्षांनी आपोआप संपावी, मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करू नये. “एकोनवीस वर्सं, गुरुजी! आपली पंच्याहत्तरीच्या वर गेली. सरकारी नोकर असती तं कधीच घरी बसली असती.” गुरुजींनी पिशवीतून दुसरं पुस्तक काढलं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी याच जेफरसनचा दाखला दिला होता, आणि म्हणूनच आपण दुरुस्तीची वाट सोपी ठेवली, असं सभागृहाला सांगितलं होतं. भाऊंचा जेफरसन गुरुजींच्या पिशवीत आधीपासूनच बसलेला निघाला. त्या दिवशीचा चहा भाऊंनी पाजला.

“सोपी वाट म्हनता,” दोन दिवसांनी भाऊ पुन्हा उभे, “म्हनूनच तं एकशे सहा ठिगळं झाले. घटना हाय का वाकय?”

“वाकयच हाय,” गुरुजी म्हणाले. “थंडीत वाकयच कामी येते. नवीन चादर कडक रायते, आंगाले टोचते.”

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी भाऊंना फार त्रास झाला. साऱ्या महाराष्ट्रात ‘चारशे पार झाले तर घटना बदलणार’ आणि ‘नाही बदलणार’ यावरून सभा गाजत होत्या. एरवी ज्यांना उद्देशिका आणि उखाणा यांतला फरक सांगता येत नाही, तेही तावातावाने बोलत होते. आपला विषय असा वाऱ्यावर गेलेला पाहून भाऊ हळहळले. एके दिवशी एका बाजूची पोरं गळ्यात दुपट्टे घालून ठेल्यावर आली आणि दुसऱ्या बाजूची पोरं आधीच बसलेली. भाऊ मध्ये उभे राहिले आणि बोटांवर मोजू लागले. “चारशे कायले पाह्यजे राजेहो? पाचशे त्रेचाळीसचे दोन तृतीयांश म्हंजे तीनशे बासष्ट. थे बी सारे हजर असले तं. सभागृहात माणसं कमी बसले तं त्याहून कमीत जमते. फकस्त एकूण सभासदायचं बहुमत पाह्यजे. पन मंग राज्यसभेत बी तसंच लागन. अन् राज्यायच्या हक्काची गोष्ट असन तं निम्म्या विधानसभा बी लागन. अन् येवढं करून बी केशवानंद भारती हायेच आडवा.”

“थो कोन्या पक्षाचा?” एका पोराने विचारलं.

भाऊंनी त्याला केशवानंद भारती खटला सांगितला. १९७३, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिचा मूलभूत ढाचा मोडू शकत नाही. हे सांगताना भाऊंचा आवाज जरा ओला झाला. सात विरुद्ध सहा! भाऊंच्या मते स्वतंत्र भारतात याहून देखणा निकाल झाला नाही. एका मताने देशाचं सगळं ठरलं आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहायची सोय नाही! दोन्ही बाजूंची पोरं कंटाळून निघून गेली. जाताना पहिल्यांनी भाऊंना दुसऱ्यांचा माणूस ठरवलं आणि दुसऱ्यांनी पहिल्यांचा. भाऊ दोन्हीवर खूश.

वऱ्हाडाचा विषय निघाला की भाऊंच्या वादाला जास्त धार येते. घटना समितीत आमच्या बाजूचे कोण कोण होते, हे ते कुणालाही थांबवून सांगतात. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी. आणि पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख. “पापळ नांदगाव तालुक्यात येते,” एवढं सांगून भाऊ थांबतात. तो नांदगाव म्हणजे खंडेश्वर; पेठेचा त्याच्याशी संबंध इतकाच की त्याची पत्रं कधी कधी चुकून इकडे येतात. पण बाहेरच्या माणसाला हे कशाला सांगायचं? पंजाबरावांनी घटना समितीत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या मांडल्या, याचं भाऊंना विशेष कौतुक. समितीकडे एकूण ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, हे भाऊंनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून त्यांना एकच काळजी. “मंग बाकीच्या पाच हजार एकशे बासष्ट कुठं गेल्या?” मांडल्याच न गेलेल्या दुरुस्त्यांबद्दल इतका जिव्हाळा असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

भाऊंचा वऱ्हाडी दावा असा : इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात वऱ्हाडाला स्वतंत्र कलम होतं, सत्तेचाळिसावं. मुलूख निजामाचा, कारभार मध्य प्रांताबरोबर, असा तो सगळा तिढा होता. पण कलम तर होतं! आपल्या घटनेत वऱ्हाडाचं नावही नाही. गुरुजी सांगतात, नाव नसेल पण ३७१ व्या कलमात विदर्भ आहे, विकास मंडळासाठी. भाऊ म्हणतात, मंडळ १९९४ ला आलं आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्याची मुदत संपली. “कलम हाय, मंडळ नाई. आता सांगा, घटना बदलाची का मंडळ आनाचं?”

“मंडळ आनाचं,” गुरुजी म्हणाले. “येच तं मी रोज सांगून रायलो का, हाय थे अदुगर वापरून पाहा.”

भाऊ क्षणभर गडबडले. गुरुजींच्या मुद्द्याचं वाक्य आपणच बोलून बसलो, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी लगेच पाकिस्तान काढला. १९५६, १९६२, १९७३, अशा तीन घटना! मग नेपाळ, जिथे राणांच्या काळापासून २०१५ पर्यंत घटनांची रांग लागली. गुरुजींनी विचारलं, “अन् तितले लोक सुखी होऊन रायले काय?” तर भाऊ म्हणाले, तो मुद्दा वेगळा, आपण चर्चा घटनेची करतो आहोत.

चिलीच्या बाबतीत मात्र भाऊ खरोखर खचले. तिथे पिनोशेच्या काळातली १९८० ची घटना बदलायची असं लोकांनी मोठ्या बहुमताने ठरवलं. नवा मसुदा झाला, तो २०२२ मध्ये लोकांनीच नाकारला. मग दुसऱ्या विचारांच्या मंडळींनी दुसरा मसुदा केला, तो २०२३ मध्ये नाकारला. जुनी घटना, अनेकदा दुरुस्त झालेली, होती तिथेच. भाऊंनी हे मोबाइलवर वाचलं आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. त्यांना घटनेचं दुःख नव्हतं. “दोन मसुदे, राजेहो. अख्खे दोन मसुदे. कोनं लेयले असन थे, त्यायले काय वाटलं असन?”

भाऊंच्या स्वतःच्या मसुद्याची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच आहे. पहिलं कलम त्यांनी जुन्या घटनेतून जसंच्या तसं उतरवलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं. दुसरंही तसंच. मूलभूत हक्कांपाशी आल्यावर त्यांनी पेन घट्ट धरलं, पण समानतेच्या कलमात कानामात्राही हलवायची छाती झाली नाही. सतरावं, अस्पृश्यतेचं, त्यांनी दोनदा सुवाच्य अक्षरात लिहिलं. “हे तं ठेवाच लागते नं!” अशा रीतीने एकोणिसाव्या कलमापर्यंत भारताची नवी घटना हुबेहूब जुनी झाली आहे. मी तसं सुचवलं तर भाऊ म्हणाले, घटना समितीनेही १९३५ च्या कायद्यातून कितीतरी उतरवून घेतलंच होतं. ग्रामसेवकाला जुना ठराव पाहून नवा ठराव लिहायची सवय असते, हे मी बोललो नाही.

घरी भाऊंचं काही चालत नाही. मध्यंतरी त्यांनी स्वयंपाकघर, दूध आणि नातवंडांची शाळा यांबाबत लेखी नियमावली करावी असा प्रस्ताव काकूंपुढे ठेवला. काकू भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “अवो, थे कागदं ठेवा तिकडं, अन् दूध नासलं, नवं आना.” भाऊ पिशवी घेऊन निघाले. वाटेत मला भेटले तेव्हा म्हणाले की आमच्या घरात इंग्लंडसारखं आहे, लेखी काहीच नाही, म्हणून तर बदलता येत नाही.

भाऊंची खरी परीक्षा झाली ती भजनी मंडळात. हे मंडळ राष्ट्रसंतांच्या वळणाचं, खंजिरीवालं. याच रस्त्याने पुढे गेलं की मोझरीचा गुरुकुंज आहे, त्यामुळे आमच्याकडे खंजिरी घरोघर वाजते. मंडळ नोंदणीकृत आहे. धर्मादाय कार्यालयात नोंद झाली म्हणजे मंडळाला ‘घटना व नियमावली’ लागते, आणि ती तेव्हा भाऊंनीच लिहून दिली होती. तिच्यातलं चौदावं कलम असं की मंडळाचं साहित्य, म्हणजे खंजिऱ्या, टाळ, पेटी आणि मोठी सतरंजी, कोणत्याही कारणाने मंडळाबाहेर देण्यात येऊ नये. नव्या पोरांचं म्हणणं, सतरंजी लग्नकार्याला भाड्याने द्यावी, चार पैसे येतील. एका पोराने तर सभेत सांगून टाकलं की ही सारी घटनाच जुनाट आहे, नवी करा.

मला वाटलं, भाऊ त्याला मिठी मारतील. भाऊ ताडकन उठले. “चौदावं कलम बदलता येत नाई! सतरंजी हा मंडळाचा मूलभूत ढाचा हाय!”

सभा थक्क. पोरगा म्हणाला, “भाऊ, तुमी तं रोज देशाची घटना बदलून रायले. सतरंजी काय त्याहून मोठी हाय?”

“देशाची घटना मी नाई लेयली,” भाऊ गरजले. “हे मी लेयली हाय!”

हे वाक्य भाऊंच्या तोंडून निसटलं, आणि मला त्या माणसाचा एकदम फार लोभ वाटला. तरी पद्धत म्हणजे पद्धत. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली गेली. एकूण सभासदांच्या तीन पंचमांश लोकांनी ठराव केला पाहिजे आणि महिन्याभराने दुसऱ्या सभेत तेवढ्याच लोकांनी तो पुन्हा कायम केला पाहिजे, असं भाऊंनी त्या वेळी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यावरून घालून ठेवलं होतं. संसदेला एवढा त्रास नाही. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही. अर्ध्या तासाने तहकूब सभा त्याच जागी बसवू, म्हणजे गणपूर्ती लागणार नाही, असं पोरं म्हणाली. तेव्हा भाऊंनी नियमावलीचं शेवटचं पान उघडलं : घटनादुरुस्तीच्या ठरावास तहकूब सभेची सवलत लागू राहणार नाही. हे लिहितानाच त्यांनी पुढचं सगळं पाहून ठेवलं होतं की काय, कोण जाणे. सभा बारगळली. मंडळाची घटना शाबूत राहिली. सतरंजी पुढच्याच आठवड्यात एका लग्नाला गेली आणि भाऊ तिच्यावर बसून जेवले. वांग्याची भाजी आणि रोडगे होते.

यंदा गुरुजी दोन महिने पुण्याला लेकाकडे गेले होते. ते गेले आणि ठेल्यावर घटना ठेवायच्या बाजूला कुणीच उरलं नाही. सगळे भाऊंनाच मिळालेले. पहिले दोन-तीन दिवस भाऊंनी नेटाने बदलाची बाजू लावली. पण समोरून नुसते “बराबर हाय भाऊ” असे होकार येऊ लागले. भाऊंचं वजन उतरलं. शेवटी एके सकाळी ते वही घरी ठेवून आले आणि घटना का ठेवली पाहिजे यावर तासभर बोलले. १९५५ चं भाषण सांगितलं. वाकळ सांगितली. वाजपेयी सरकारने २००० मध्ये न्यायमूर्ती वेंकटचलय्यांचा आयोग नेमला तोही घटना बदलायला नव्हे, तिचं कामकाज कसं चाललंय ते तपासायला, हेही सांगितलं. गुरुजींचा एकही मुद्दा त्यांनी वगळला नाही. काही मुद्दे तर गुरुजींपेक्षा बरे मांडले, असं माझं प्रामाणिक मत आहे. टोलनाक्यावर खोळंबलेला एक ट्रकवाला खाली उतरून ऐकत बसला.

गुरुजी परतले ते थेट ठेल्यावर आले. भाऊ उद्देशिकेवर बोलत होते. गुरुजी थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, ही बाजू माही हाय.”

“कोनाच्या नावावर हाय? सातबारा दाखवा.”

“पन मी इतक्या सालापासून या बाजूनं बोलून रायलो नं.”

“दोन मह्यने तं पडीत होती. मी वाहून घेतली. तुमी आता बदलाच्या बाजूनं बोला. पाह्यजे तं वही देतो.”

“वहीले मी हात बी लावनार नाई,” गुरुजी म्हणाले आणि भाऊंच्या शेजारी, त्याच बाकड्यावर, त्याच बाजूला बसले.

ठेलेवाल्याने दोघांपुढे चहा ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता. “म्हंजे आता सारेच ठेवाच्या बाजूनं! झालं तं मंग. घटना ठेवाची. सर्वानुमते मंजूर!”

भाऊंचा कप ओठांपाशीच थांबला. त्यांनी तो खाली ठेवला.

“थांब. माहा विरोध नोंदवून घे.”

“कायले विरोध, भाऊ? आत्ताच तं तुमी...”

“कायले थे मंग पाहू. पयले नोंदव.”